एक भाग काढला की बंद पडणं आणि टप्प्याटप्प्याने घडूच न शकणं: दोन दाव्यांतला फरक

इंटेलिजंट डिझाइनच्या, म्हणजे सजीव एखाद्या बुद्धिमान रचनाकाराने घडवले या मताच्या, बाजूने मांडला जाणारा सर्वांत वजनदार युक्तिवाद असा आहे: पेशीतल्या काही यंत्रणांचा एक जरी भाग काढला तरी सगळं काम थांबतं, म्हणून त्या हळूहळू घडलेल्या असू शकत नाहीत, त्या कुणीतरी अख्ख्याच रचलेल्या असणार. या वाक्यात ‘म्हणून’च्या अलीकडे एक दावा आहे आणि पलीकडे दुसरा. पहिला बऱ्याच यंत्रणांबाबत खरा आहे. दुसरा त्यातून निघत नाही. तरीही वादात पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर जमा केला जातो.

मायकेल बीही या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये ‘डार्विन्स ब्लॅक बॉक्स’ या पुस्तकात याला ‘इररिड्युसिबल कॉम्प्लेक्सिटी’ असं नाव दिलं. मराठीत ‘अविभाज्य गुंतागुंत’ म्हणता येईल. व्याख्येचा आशय असा: एकमेकांशी नीट जुळणाऱ्या अनेक भागांची यंत्रणा, जिच्यातला कोणताही भाग काढला तर मूळ काम थांबतं. उंदराचा सापळा, जिवाणूची फिरती शेपटी म्हणजे फ्लॅजेलम आणि रक्त गोठण्याची साखळी ही त्यांची गाजलेली उदाहरणं.

पहिला दावा आजच्या यंत्रणेविषयी आहे आणि प्रयोगशाळेत तो थेट तपासता येतो. एक जनुक निकामी करायचं, पेशी वाढवायच्या आणि काम चालतंय का ते पाहायचं. फ्लॅजेलमची बरीच जनुकं अशी बंद केली की जिवाणू पोहत नाही. इथे वाद नाही.

दुसरा दावा इतिहासाविषयी आहे, आणि जनुक निकामी करून पाहण्याचा हा प्रयोग, म्हणजे नॉकआउट, इतिहास सांगत नाही. त्यासाठी वेगळं काम लागतं. अनेक जातींतल्या त्याच प्रथिनाचे क्रम जमवायचे, त्यांचा वंशवृक्ष काढायचा, फांदी जिथे फुटते तिथल्या पूर्वज प्रथिनाचा सर्वांत संभाव्य क्रम सांख्यिकी पद्धतीने ठरवायचा, त्याचा डीएनए कृत्रिमरीत्या बनवायचा आणि आजच्या जनुकाच्या जागी जिवंत पेशीत घालून पाहायचं.

ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच केलं आणि २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलं. या सगळ्या वादात माझ्या मते याइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही. पेशीतल्या कप्प्यांमध्ये आम्लता राखण्यासाठी प्रोटॉन ढकलणारा एक पंप असतो, व्ही-एटीपीएज. त्याच्या फिरत्या कड्यात प्राण्यांमध्ये दोन प्रकारची प्रथिनं असतात. यीस्ट आणि इतर बुरशींमध्ये तीन: व्हीएमए-३, व्हीएमए-११ आणि व्हीएमए-१६. यीस्टमधलं तिन्हींपैकी एकही काढलं तर पंप चालत नाही. बीहींची व्याख्या इथे पुरेपूर लागू पडते.

आता इतिहास पाहा. व्हीएमए-३ आणि व्हीएमए-११ ही एकाच पूर्वज जनुकाच्या दोन प्रती आहेत. संशोधकांनी ते पूर्वज प्रथिन पुन्हा बनवून यीस्टमध्ये घातलं, तर त्या एकट्याने दोघांचं काम सांभाळलं. म्हणजे जुनं कडं दोन प्रकारच्या प्रथिनांवर चालत होतं. जनुकाची प्रत झाल्यावर एका प्रतीने शेजाऱ्याशी जुळण्याची एक बाजू गमावली आणि दुसऱ्या प्रतीने वेगळी बाजू गमावली. प्रत्येक वंशशाखेत घडलेलं एकेक उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, पूर्वज प्रथिनात घातल्यावर तीन भागांची गरज पुन्हा निर्माण झाली. नवं काम काहीच आलं नाही. जुनी क्षमता दोघांत वाटली गेली, आणि त्यामुळेच दोघंही अपरिहार्य झाले.

युक्तिवाद चुकतो तो इथेच. त्याच्या मनातली उत्क्रांती फक्त एकेक भाग जोडत जाते, आणि प्रत्येक भाग पहिल्या दिवसापासून आजच्याच कामाचा असतो. प्रत्यक्षात जनुकांच्या प्रती होतात, प्रती वेगळ्या होत जातात, भाग गळतात, जुन्या भागांना नवं काम लागतं. भर घालताना जे नुसतं उपयोगी होतं, ते बाकीचे भाग त्याच्यावर विसंबायला लागल्यावर आवश्यक बनतं. हर्मन मलर या आनुवंशशास्त्रज्ञाने ही गोष्ट १९१८ मध्येच मांडली होती, आणि तीही उत्क्रांतीतून अपेक्षित असलेला परिणाम म्हणून. मलर यांना पुढे, १९४६ मध्ये, नोबेल मिळालं ते क्ष-किरणांनी उत्परिवर्तनं घडवण्याच्या शोधासाठी.

हा फरक खुद्द बीहींनीही पाहिला आहे. २००१ मधल्या एका लेखात त्यांनी मान्य केलं की आपली व्याख्या चालू यंत्रणेतून भाग काढण्याविषयी आहे, तर नैसर्गिक निवडीपुढचं काम यंत्रणा उभी करण्याचं आहे, आणि ही त्रुटी दुरुस्त करायला हवी. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर खटल्यात न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकालात या कबुलीची दखल घेतली आणि दुरुस्ती झालेली नसल्याचंही नोंदवलं. सरकारी शाळेत विज्ञान म्हणून इंटेलिजंट डिझाइन शिकवण्याचा आग्रह त्या निकालाने घटनाबाह्य ठरवला.

उत्क्रांतीच्या बाजूने बोलणारेही दोन कच्ची उत्तरं वारंवार देतात, ती टाळायला हवीत. पहिलं रक्ताचं. डॉल्फिनमध्ये फॅक्टर बारा हे रक्त गोठण्याच्या साखळीतलं प्रथिन नसतं तरी रक्त गोठतं, हे खरं आहे. पण साखळीच्या दोन वाटा एकत्र येतात त्याआधीचा भाग बीहींनी आपल्या दाव्यातून आधीच वगळला होता, आणि फॅक्टर बारा त्याच भागातला. त्यामुळे हा बाण लक्ष्याला लागत नाही.

दुसरं फ्लॅजेलमचं. प्लेगच्या जिवाणूकडे यजमानाच्या पेशीत प्रथिनं टोचणारी टाइप थ्री स्रावयंत्रणा असते आणि तिची सुमारे दहा प्रथिनं फ्लॅजेलमच्या तळातल्या प्रथिनांची नातलग आहेत. यावरून ‘ही सुई फ्लॅजेलमची पूर्वज’ असं बेधडक सांगितलं जातं. जनुकांच्या तुलनेतून मात्र सुईच फ्लॅजेलमपासून निघाल्याचं दिसतं. तिच्यावरून सिद्ध होतं ते एवढंच, पण ते पुरेसं आहे: शेपटी आणि फिरवणारी मोटर नसतानाही तळाचा तो गट पेशीबाहेर प्रथिनं पाठवण्याचं काम करू शकतो, म्हणजे ‘अपुरी यंत्रणा निरुपयोगीच असते’ हे गृहीतक चुकीचं आहे. फ्लॅजेलम कोणत्या क्रमाने घडलं, यासाठी तळाच्या इतर भागांची नाती पाहावी लागतात. त्यातलं निर्यातीला मदत करणारं एटीपीएज प्रथिन हे एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, बनवणाऱ्या एटीपी सिंथेज या एंझाइमच्या भागाचं नातलग आहे, आणि ते एंझाइम फ्लॅजेलम नसलेल्या असंख्य जीवांतही आढळतं.