जुना आरएफसी ‘हिस्टॉरिक’ करून घ्यायचाय? मागणी कुठे अडते ते आधी बघा

आरएफसी म्हणजे इंटरनेटची मानकं वगैरे मांडणारे क्रमांकित दस्तऐवज. कालबाह्य झालेल्या आरएफसीला ‘हिस्टॉरिक’ (इतिहासजमा) दर्जा द्या, अशी मागणी कुणीही करू शकतं. ही मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेत सदस्यत्व नाही, फी नाही, पदवीची अट नाही. मागणीचा मसुदा डेटाट्रॅकर या आयईटीएफच्या संकेतस्थळावर चढवायचा. पुढे काही हालचाल झाली नाही, तर तो सहा महिन्यांनी आपोआप बाद होतो. कारण चार ओळींत सांगता येत असेल, तर त्यासाठी नवा आरएफसी लिहायचीही गरज नाही.

पहिली गफलत इथेच होते : ‘नवा आरएफसी आला म्हणजे जुना गेलाच ना?’ नाही गेला. नव्याने जागा घेतली की जुना ‘ऑब्सोलीट’ (जागा दुसऱ्याने घेतलेला) होतो. ‘हिस्टॉरिक’साठी वेगळा निर्णय लागतो. इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या टीएलएसच्या 1.0 आवृत्तीची जागा 1.1 ने 2006 मध्ये घेतली, पण दोन्ही हिस्टॉरिक झाले ते थेट 2021 मध्ये, आरएफसी 8996 ने.

खरी अडचण पुराव्याची. ‘हे आता कुणीच वापरत नाही’ याचा दाखला कुणाकडेच नसतो. ‘आमच्या नेटवर्कवर दिसत नाही’ एवढ्यावर भागत नाही. ‘आमच्याकडे अजून चालू आहे’ असं कुणी म्हटलं की चर्चा तिथेच रुतते. म्हणून वापर शून्य आहे हे सिद्ध करत बसू नका. वापरल्याने नुकसान काय होतं आणि पर्याय कोणता, ते मांडा. आणि जेवढं पटवता येईल तेवढंच मागा. 6टू4 (जुन्या आयपीव्ही4 जाळ्यातून नव्या आयपीव्ही6 ची वाहतूक नेण्याची पद्धत) सगळंच निवृत्त करायला विरोध झाला; अखेर 2015 मध्ये आरएफसी 7526 ने एनीकास्टचा (अनेक राउटरना एकच पत्ता देण्याचा) भाग तेवढा काढला. मूळ आरएफसी 3056 जागेवरच आहे.

मसुदा लिहिण्याआधी त्या आरएफसीचा ‘स्ट्रीम’, म्हणजे तो कोणत्या वाटेने प्रसिद्ध झाला, ते बघा. तो इंडिपेंडंट (आयईटीएफबाहेरचा) असेल, तर निर्णय आयईएसजीच्या, म्हणजे आयईटीएफच्या मंजुरी देणाऱ्या मंडळाच्या, हातात नसतो आणि तुमची मेहनत फुकट जाते. आयईटीएफचा असेल, तर त्या मंडळातल्या एखाद्या एरिया डायरेक्टरने (विषयप्रमुखाने) प्रकरण हाती घ्यावं लागतं. त्याशिवाय ते हलत नाही.

मुदतीही नीट वाचा. आरएफसी क्रमांक 2026 (हे वर्ष नव्हे) प्रमाणे वर्किंग ग्रुपकडून (आयईटीएफच्या कार्यगटाकडून) आलेल्या प्रस्तावाला लास्ट कॉल, म्हणजे निर्णयाआधी सर्वांची मतं मागवण्याची मुदत, किमान दोन आठवड्यांचा, बाकीच्यांना किमान चार. अपिलाचे दोन महिने निर्णय जाहीर झाल्यापासून मोजतात, आरएफसी छापून आल्यापासून नव्हे.

मंजुरीनंतरही मूळ मजकुराला कुणी हात लावत नाही. बदलते ती फक्त सूचीतली नोंद. टीएलएस 1.0 च्या आरएफसी 2246 च्या माथ्यावर आजही ‘स्टँडर्ड्स ट्रॅक, जानेवारी 1999’ असंच छापलेलं दिसतं. नवख्या माणसाची यात सरळ दिशाभूल होते, आणि इतकी वर्षं हे असंच चालू आहे. त्यामुळे उतरवून घेतलेल्या प्रतीवर विसंबू नका, दर्जा नेहमी आरएफसी एडिटरच्या (आरएफसी प्रसिद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) सूचीतच तपासा.