प्लेबॅकचे बिघाड (घरगुती ध्वनिमुद्रण)

घरच्या संगणकावर गाणे, भजन, कीर्तन किंवा वाद्य मुद्रित केल्यावर ते साउंड कार्डातून (संगणकाचा आवाज आत घेणाऱ्या-बाहेर सोडणाऱ्या भागातून) परत ऐकताना जे दोष येतात, त्यांना प्लेबॅकचे बिघाड म्हणतात. आवाज अजिबात न येणे, खरखर, तुटत तुटत वाजणे, सूर चढणे किंवा उतरणे, गाणाऱ्याचा आवाजच नाहीसा होणे, मागे घुंई चालू राहणे आणि डबल आवाज ही त्यांची नेहमीची रूपे. यांतल्या प्रत्येक दोषाचा स्वतःचा असा आवाज असतो. त्यामुळे सेटिंगची खिडकी उघडण्याआधी नीट ऐकले तर शोध बराच आखूड होतो. प्रत्यक्षात मात्र पहिला उपाय म्हणून प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला जातो. त्यात तास जातो आणि सैल पिन होती तशीच राहते.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत ध्वनिमुद्रण म्हटले की पूर्वी छत्रपती संभाजीनगर किंवा परभणीचे आकाशवाणी केंद्र, नाहीतर थेट पुणे-मुंबई. आता भजनी मंडळे, गोंधळी, भारूडकार, १४ एप्रिलच्या तोंडावर नवी भीमगीते तयार करणारे गायक यांच्यासाठी गावातलीच एखादी खोली स्टुडिओ होते. एक लॅपटॉप, एक माइक, यूएसबीवर चालणारे दोन चॅनेलचे कार्ड, भिंतींना वाकळा आणि दाराला जाड सतरंजी एवढा सरंजाम असतो. त्यात मुद्रण बहुधा नीट होते. अडते ते परत ऐकताना.

आवाजाची वाट

संगणकात आवाज आकड्यांच्या रूपात असतो. सीडीच्या मापाने सेकंदाला ४४,१०० नमुने (लहरीची मोजमापे), व्हिडिओच्या मापाने ४८,०००. प्रोग्रॅम हे नमुने बफर नावाच्या साठ्यात ओततो, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रॅम) ते कार्डाकडे नेतो, कार्ड त्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर करते आणि ती लहर हेडफोनला किंवा स्पीकरला मिळते. बफर म्हणजे दारातला रांजण समजावा. टँकर खेपा करून आणतो, नळ मात्र सारखा चालू असतो. खेप लांबली आणि रांजण कोरडा पडला की धार तुटते. कानाला ती ‘टक्‌’ किंवा खरखर अशी लागते.

संगणकात आवाजाच्या वाटा अनेक झाल्या, त्याला इतिहास कारण आहे. साउंड ब्लास्टर हे कार्ड १९८९ मध्ये आले तेव्हा भर खेळांवर होता. १९९७ च्या एसी-९७ आणि २००४ च्या एचडी ऑडिओ या इंटेलच्या मानकांनंतर साउंड कार्ड मदरबोर्डातच बसू लागले आणि वेगळे कार्ड घेण्याची गरज बहुतेकांना उरली नाही. विंडोजची एमएमई ही वाट जुनी आणि सावकाश, वासापी ही व्हिस्टापासूनची. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणलेली आसिओ ही वाट विंडोजचा मिक्सर टाळून थेट कार्डापर्यंत जाते. आसिओ फोर ऑल हा मोफत ड्रायव्हर साध्या कार्डाला आसिओचा मुखवटा चढवतो. कार्डाबरोबर स्वतःचा आसिओ ड्रायव्हर मिळालेला असताना आसिओ फोर ऑल वापरणे म्हणजे घरात विहीर असून टँकर मागवण्यासारखे आहे. मॅकवर कोअर ऑडिओ आणि लिनक्सवर आल्सा ही त्या-त्या घरची व्यवस्था.

आवाज येईना

“रेषा हलायलीय, पण आवाज येईना गेलाय,” ही लातूर-नांदेडकडची तक्रार निम्मे निदान करूनच येते. रेषा म्हणजे मीटर. मीटर हलतो याचा अर्थ मुद्रण शाबूत आहे, प्रोग्रॅम आपले काम करतो आहे आणि दोष त्याच्या पुढे आहे. बहुतेकदा आवाज दुसरीकडे गेलेला असतो. एचडीएमआय वायरने टीव्ही जोडला की विंडोज पुष्कळदा आवाज टीव्हीकडे वळवते. खिशातल्या नेकबँडचे ब्लूटूथ चालू राहिले असेल तर तो तिकडे वाजतो आणि खोलीत शांतता असते. तसे नसेल तर कार्डावरचे बटण पाहावे. बऱ्याच छोट्या कार्डांवर एका टोकाला ‘इनपुट’ आणि दुसऱ्या टोकाला ‘प्लेबॅक’ लिहिलेले एक फिरते बटण असते. मुद्रणाच्या वेळी ते इनपुटकडे पूर्ण फिरवलेले असते आणि तसेच राहते. मग माइकमध्ये बोललेले ऐकू येते, वाजवलेले गाणे मात्र नाही. या एका बटणापायी चांगली कार्डे दुरुस्तीला गेलेली आहेत.

मीटरही हलत नाही पण वेळेची रेघ पुढे सरकते, तेव्हा ट्रॅक म्यूट आहे किंवा दुसऱ्याच ट्रॅकवर सोलो (तेवढाच ट्रॅक ऐकवणारे बटण) दाबलेले आहे. रेघच जागची हलत नसेल किंवा उपकरण उघडता आले नाही असा संदेश येत असेल, तर प्रोग्रॅमला कार्डच मिळालेले नाही. आसिओ ड्रायव्हर किंवा वासापीची ‘एक्सक्लुझिव्ह’ पद्धत कार्ड एकाच प्रोग्रॅमच्या ताब्यात देते. ते आधीच दुसऱ्याने धरले असेल तर इथे नकार मिळतो. २००० पासून मोफत मिळणाऱ्या ऑडॅसिटी या मुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक खोड आहे. ती उपकरणांची यादी सुरू होतानाच वाचते, म्हणून आधी प्रोग्रॅम आणि मग कार्ड असा क्रम झाला की कार्ड यादीत दिसत नाही. उपकरणे पुन्हा शोधण्याची आज्ञा तिच्याच मेनूत आहे. रीपर या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये, खिडकी मागे गेली आणि वादन थांबलेले असले की कार्ड सोडून देण्याचा पर्याय आहे. तो लावला म्हणजे मधेच मोबाइलवरून आलेला ट्रॅक दुसऱ्या प्रोग्रॅमवर ऐकता येतो.

गायक नाहीसा होतो तेव्हा

सगळ्यांत चकवणारा दोष हाच. पेटी दुरून घुमल्यासारखी येते, टाळ कडेकडेने ऐकू येतात, गाणाऱ्याचा आवाज मात्र जवळजवळ नाहीच. गायकाला वाटते आपलाच ट्रॅक पुसला गेला. कारण अगदी किरकोळ असते. हेडफोनच्या पिनेवर डावा, उजवा आणि दोघांचा सामाईक परतीचा असे तीन भाग असतात. पिन सैल असली किंवा परतीची तार आत तुटली की वीज डावीकडून उजवीकडे दोन्ही पडद्यांतून ओढली जाते आणि कानाला दोन बाजूंतला फरक तेवढा मिळतो. गाणाऱ्याचा आवाज मिश्रणात बरोबर मध्ये, म्हणजे दोन्हीकडे सारखा ठेवलेला असतो. सारख्यातून सारखे वजा झाले की उरते शून्य. पिन दाबून बसवल्यावर गायक एकदम परत आला, तर प्रोग्रॅमकडे पाहायचे कारण नाही. डाग द्यायची गन असलेला कोणताही मोबाइल दुरुस्तीवाला नवी पिन जोडून देतो. माइक असलेल्या मोबाइलच्या हेडफोनला पिनेवर चार भाग असतात. तो काही जुन्या किंवा मोठ्या जॅकमध्ये घातला की हाच प्रकार होतो.

सूर सरकणे

हा दोष तंत्रज्ञाच्या आधी पेटीवाल्याला कळतो. कार्डाचे घड्याळ ४८,००० वर चालू आहे आणि प्रोग्रॅम मात्र ४४,१०० च्या हिशेबाने नमुने पाठवतो आहे, असे झाले की गाणे १.०८८ पट वेगाने पळते आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वर चढतो. काळी एक मध्ये गायलेला अभंग पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जाऊन बसतो. पेटीवर ती पट्टीच नाही, म्हणून पेटीवाला हात उचलतो. पाच मिनिटांचे गाणे ४ मिनिटे ३६ सेकंदांत संपते. उलट गडबड झाली तर सूर तितकाच उतरतो आणि गायक पेंगुळल्यासारखा वाटतो.

आजचे प्रोग्रॅम वेगवेगळ्या मापांच्या फायली आपणच बदलून घेतात, म्हणून हा दोष पूर्वीइतका येत नाही. तो उद्‌भवतो तो दोन प्रोग्रॅम एकाच कार्डाचे माप आपापल्या परीने बदलू पाहतात तेव्हा, किंवा कार्डाचे घड्याळ ‘एक्स्टर्नल’वर, म्हणजे बाहेरच्या उपकरणाच्या घड्याळावर, राहून गेले असेल तेव्हा. गाण्याचा तयार ट्रॅक व्हिडिओतून काढलेला आणि आवाज ४४,१०० वर मुद्रित केलेला, ही जोडी इकडे नेहमीची. विंडोजचे साउंड सेटिंग, कार्डाचा पॅनेल आणि प्रोजेक्ट या तिन्ही ठिकाणी एकच आकडा ठेवला की वाद मिटतो. गाणे व्हिडिओसाठीच असेल तर सुरुवातीपासून ४८,००० धरणे शहाणपणाचे.

खरखर, बफर आणि मे महिना

बफर नमुन्यांत मोजतात : ६४, १२८, २५६, ५१२, १,०२४. ४४,१०० च्या मापावर २५६ नमुन्यांचा साठा ५.८ मिलिसेकंद पुरतो, १,०२४ चा २३. साठा लहान असला तर उशीर कमी, पण धार तुटण्याची भीती जास्त. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे २३ मिलिसेकंदांचा उशीर हा गायकापासून जवळजवळ आठ मीटरवर, मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बसून तबला वाजवण्यासारखा झाला. जाण्यायेण्याचा मिळून उशीर याहून अधिक भरतो. म्हणून गाताना-वाजवताना बफर लहान ठेवतात. मुद्रण संपून मिश्रण करायला बसल्यावर कोणाला ताल धरायचा नसतो, तेव्हा तो १,०२४ वर न्यावा. हा बदल न केल्यानेच पुष्कळदा खरखर येते, आणि ट्रॅक नि इफेक्ट वाढतील तशी ती वाढते.

मराठवाड्यात याला उन्हाळ्याची जोड आहे. मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा ४२ अंशांच्या वर जातो. माइकमध्ये घरघर नको म्हणून कूलर आणि पंखा बंद, भिंतींना वाकळा, वर पत्रे. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, नमुन्यांची खेप उशिरा पोचते आणि सकाळी निर्मळ वाजलेले गाणे दुपारी खरखरू लागते. फाइल तीच, सेटिंग तेच. लॅपटॉपखाली हवा खेळेल अशी जागा करणे, आतली धूळ काढून घेणे आणि मिश्रण रात्रीवर ढकलणे हे उपाय ड्रायव्हर बदलण्यापेक्षा जास्त लागू पडतात.

तापलेला नसतानाही ठरावीक अंतराने टकटक येत असेल तर वाय-फायच्या ड्रायव्हरचा संशय घ्यावा. वाय-फाय बंद करून ऐकले की लगेच कळते. लेटन्सीमॉन हा मोफत प्रोग्रॅम कोणता ड्रायव्हर वाट अडवतो ते दाखवतो. जुळणी केलेल्या डेस्कटॉपला कार्ड पुढच्या यूएसबीत किंवा हबमध्ये न लावता मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डात लावावे.

घुंई

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिची घुंई ५० आणि १०० हर्ट्झवर ऐकू येते, म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वर, कोणत्याच पट्टीशी न जुळणारी. लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर एका बोर्डात आणि अर्थिंगचे स्पीकर दुसऱ्या बोर्डात असले की दोन अर्थिंगांमध्ये वळसा तयार होतो आणि ही घुंई स्पीकरमध्ये उतरते. चार्जर काढल्यावर ती थांबली तर निदान झाले. दोन्ही एकाच बोर्डावर घ्यावेत आणि कार्डापासून स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड (वाटेत शिरलेली घुंई वजा करणारी) वायर वापरावी. अर्थिंगची पिन कापून टाकण्याची जी युक्ती सर्रास केली जाते, ती घुंई घालवते खरी, पण शॉर्ट झालेल्या उपकरणाची वीज मग माइक धरलेल्या माणसातून जमिनीत जाते.

घराचे अर्थिंगच कच्चे असेल तर वळसा मोडूनही घुंई उरते. कोळसा-मीठ घालून पुरलेला अर्थिंगचा खड्डा पावसाळ्यात ठीक चालतो. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, खडकाळ भागात तर ओल धरायला माती कमी, आणि खड्डा कोरडा पडतो. आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतणे हा जुन्या वायरमनचा सल्ला आजही बरोबर आहे. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर काम चालू ठेवले तर घुंईचा स्वभाव बदलतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची वीज गोलसर लहरीची नसल्याने ती जास्त कर्कश, माशी घोंगावल्यासारखी येते.

अशा वेळी लॅपटॉप बॅटरीवर चालवून घुंई टाळतात. त्यातून एक वेगळाच घोळ होतो. चार्जर निघताच विंडोज वीज वाचवू लागते, प्रोसेसर मंदावतो आणि घुंई गेली तिथे खरखर येते. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवून यूएसबीची वीजबचत बंद केली की दोन्ही थांबतात.

इतर

डबल आवाज येतो तेव्हा मॉनिटरिंग, म्हणजे गाताना आपलाच आवाज हेडफोनमध्ये ऐकवणे, कार्डातून थेट आणि प्रोग्रॅममधून असे दोन्हीकडून चालू असते. एक बंद करावे. नेकबँड घालून मुद्रण करू नये. त्याचा माइक चालू झाला की तो फोनवरच्या बोलण्याच्या पद्धतीत जातो आणि उत्तम मिश्रणही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाजते.

बिघाड कोणताही असो, मंडळाला पुन्हा गायला बोलावण्याआधी गाण्याची डब्ल्यूएव्ही फाइल काढून ती मोबाइलवर, साध्या वायरच्या हेडफोनने ऐकावी. तिथे घुंई किंवा टकटक नसेल तर मुद्रण चांगले आहे आणि दोष वाजवण्यातला आहे. तिथेही असेल तर तो माइकच्या बाजूने आत शिरलेला आहे किंवा फाइल काढतानाच बसलेला आहे. मग मूळ ट्रॅक एकेकटे सोलो करून ऐकावे लागतात.