ओव्हरडोस रोखणं आणि व्यसन सोडवणं: दोन वाटा कशा झाल्या

अफूजन्य पदार्थांच्या ओव्हरडोसमध्ये माणूस मरतो तो श्वास थांबल्यामुळे. ओठ निळे पडतात, घशातून घोरल्यासारखा आवाज येतो. अशा वेळी नॅलोक्सोन हे अफूचा असर उतरवणारं औषध नाकात फवारलं की दोन-तीन मिनिटांत माणूस शुद्धीवर येऊ शकतो. बहुधा घामाघूम, कधी उलट्या करत, कधी चक्क वाचवणाऱ्यावरच चिडलेला. पण औषधाचा असर अर्धा ते दीड तासच टिकतो. व्यसन जिथल्या तिथे असतं.

मग जीव वाचवणं आणि व्यसन सोडवणं ही दोन्ही कामं एकाच ठिकाणी का होत नाहीत? त्याचं मूळ वैद्यकापेक्षा कायद्यात आहे. १९१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेब खटल्यात ठरवलं, की व्यसनी माणसाची तलफ भागवायला मॉर्फिन लिहून देणं हा उपचार नव्हे. डॉक्टरांनी हात काढून घेतला. ब्रिटनच्या रोलस्टन समितीने १९२६ मध्ये नेमकं उलट मत दिलं, पण अमेरिकेत ‘पूर्ण सोडलं तरच बरा’ हीच व्याख्या रुजली. १९६४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वँडर या डॉक्टरांनी रुग्णांना रोज मेथाडोन हे तलफ आवरणारं अफूजन्य औषध देऊन या व्याख्येला पहिला मोठा धक्का दिला.

नॅलोक्सोनचा प्रवास वेगळाच. पेटंटचा अर्ज १९६१ चा, मंजुरी १९७१ ची, आणि त्यानंतर पाव शतक ते इस्पितळं नि रुग्णवाहिकांतच अडकलं. १९९६ च्या सुमारास ‘शिकागो रिकव्हरी अलायन्स’ने ते थेट नशा करणाऱ्यांच्या हाती दिलं. ओव्हरडोसच्या वेळी शेजारी असतात तेच, डॉक्टर नव्हे. इतकी साधी गोष्ट कळायला एवढी वर्षं लागली!

या दोन वाटांमधली सर्वात धोक्याची जागा म्हणजे नुसतं डिटॉक्स. काही आठवडे बंद ठेवलं की शरीराची सहनशीलता उतरते. बाहेर पडून जुनाच डोस घेतला तर तो जीव घेतो. तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच जीवघेणे. उलट, फ्रान्सने १९९५ मध्ये साध्या डॉक्टरांनाही ब्यूप्रेनॉर्फिन हे मेथाडोनसारखंच व्यसनावरचं औषध देऊ दिलं आणि चार वर्षांत ओव्हरडोसचे मृत्यू सुमारे चार-पंचमांशाने घटले. उपचार म्हणून दिलेल्या औषधानेच प्रतिबंधाचं काम केलं.

अमेरिकेत ब्यूप्रेनॉर्फिनसाठी लागणारा खास परवाना २०२२ च्या अखेरीस रद्द झाला आणि मार्च २०२३ मध्ये नॅलोक्सोनच्या फवाऱ्याला चिठ्ठीशिवाय विक्रीची मंजुरी मिळाली. व्यसनावरचं मेथाडोन मात्र अजूनही औषधाच्या दुकानात नाही, ठरावीक केंद्रांवरच मिळतं.