हवामानाच्या कप्प्यातून आधी कोणतं पुस्तक न्यावं?

सभासदहो, नमस्कार.

आपल्या वाचनालयात 'हवामान' अशी चिठ्ठी लावलेला एक नवा कप्पा आहे. तो पाहून बरेच जण म्हणतात, "नको हो, पूर आणि दुष्काळ टीव्हीवर रोज बघतो. झोपताना तेच कशाला वाचायचं?" म्हणून हे पत्रक. या कप्प्यात प्रलय कमी आणि घरं जास्त आहेत. पुस्तकं निवडताना आम्ही तेच पाहिलं.

सुरुवात बार्बरा किंगसॉल्व्हर यांच्या 'फ्लाइट बिहेवियर'पासून (2012) करा. अमेरिकेत टेनेसीच्या डोंगराळ भागात, सासरच्या मेंढ्यांच्या शेतावर राहणारी डेलारोबिया. पदरी दोन मुलं, हातात पैसा नाही. एके दिवशी ती चष्मा घरी ठेवून, नवऱ्याला न सांगता एका तरुणाला भेटायला डोंगर चढते आणि समोरची अख्खी दरी तिला पेटलेली दिसते. ती आग नसते. एरवी मेक्सिकोत हिवाळा काढणारी लाखो मोनार्क फुलपाखरं इथल्या झाडांवर लगडलेली असतात. शास्त्रज्ञ येतात, टीव्हीवाले येतात. सासऱ्यांना मात्र कर्ज फेडण्यासाठी तेच जंगल तोडायला द्यायचं असतं. पुढे एक कार्यकर्ता तिला पर्यावरणासाठी काय काय करावं याची यादी वाचून दाखवतो. हॉटेलात उरलेलं आणायला घरचा डबा न्या, विमानप्रवास कमी करा. हॉटेलात जेवून तिला वर्षं उलटलेली असतात, आणि विमान तर तिच्या आयुष्यातच नाही! त्या चार पानांसाठी तरी ही कादंबरी वाचाच.

सदानंद देशमुखांची 'बारोमास' (2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार) याच कप्प्यात का, असं काहींनी विचारलं. ती हवामानबदलाची कादंबरी म्हणून ओळखली जात नाही, हे खरं. पण शिकूनही नोकरी नसलेला, कोरडवाहू शेतीत अडकलेला एकनाथ आणि त्याच्या घरातली धुसफूस वाचा. पाऊस रुसला की आधी काय तुटतं, ते तिथे दिसतं.

जेनी ऑफिल यांची 'वेदर' (2020) छोट्या छोट्या तुकड्यांची. लोकलमध्ये वाचायला सोयीची, नायिकाही ग्रंथालयातच काम करणारी.

अमिताव घोष यांचं 'द ग्रेट डिरेंजमेंट' (2016) कादंबरी नाही, तरी ठेवलंय. मार्च 1978 मध्ये दिल्लीत ते टोर्नेडोच्या, म्हणजे जमिनीला टेकलेल्या सोंडेसारख्या वावटळीच्या, भोवऱ्यात सापडले होते, पण तो प्रसंग त्यांना कधीच कादंबरीत आणता आला नाही. कथेत असा प्रसंग खरा वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला; त्या रात्री घरी पोहोचू न शकलेल्यांना त्यांचं म्हणणं लगेच पटेल.

'फ्लाइट बिहेवियर' चारशेहून अधिक पानांची आहे, म्हणून तिला पंधरा दिवसांऐवजी महिन्याची मुदत. पावसाळ्यात घरपोच पुस्तकं मेणकापडाच्या पिशवीतून येतील. पिशवी पुढच्या फेरीला परत द्यावी.