खुंबू आइसफॉल: रात्रीची थंडी कशापासून वाचवते, कशापासून नाही

एव्हरेस्टच्या नेपाळकडच्या वाटेवर बेस कॅम्प (5,364 मीटर) सोडला की लगेच खुंबू आइसफॉल, म्हणजे हिमनदीचा तुटका, भेगाळ उतार लागतो. गिर्यारोहक तो मध्यरात्रीनंतर चढायला घेतात आणि ऊन तापायच्या आत त्याच्या माथ्यावरचा मुक्काम, कॅम्प एक, गाठतात. थंडीत बर्फ घट्ट असतो, हे त्याचं नेहमीचं कारण. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं माहीत नसेल, तर माणूस नको तिथे निर्धास्त होतो.

आइसफॉलच्या वरच्या वेस्टर्न कूम या दरीतून येणारी हिमनदी इथे सुमारे 600 मीटरच्या तीव्र उतारावरून खाली ओढली जाते. वेग दिवसाला साधारण एक मीटर. खोलवरचा बर्फ दाबाखाली आकार बदलत वाहतो. वरचा थर मात्र ठिसूळ, त्याला ताण सोसत नाही आणि तो तडकतो. भेगा एकमेकींना छेदल्या की मधले ठोकळे सुटे उभे राहतात. हेच सेरॅक, काही चार-पाच मजली घराएवढे.

भेगांवर वाऱ्याने बर्फ साचून हिमपूल तयार होतात. दिवसा उन्हाने हिमकणांमध्ये पाणी सुटतं, रात्री ते गोठून कण एकमेकांना धरून ठेवतं. थंडीचा खरा फायदा या पुलांना. पण त्यासाठी आकाश निरभ्र हवं. ढगाळ रात्री जमिनीतून निघणारी उष्णता ढग परत पाठवतात आणि बर्फ नीट गोठत नाही. रात्री दोन वाजता क्रॅम्पॉनचे (बुटाखाली बांधायच्या धातूच्या सांगाड्याचे) दाते वरच्या कवचात न थांबता बूट घोट्यापर्यंत आत जात असेल, तर त्या दिवशी पुलांवर भरवसा नाही. हिवाळ्यात बर्फ कमी पडला की मुळात पूलच पातळ असतात, भेगा उघड्या राहतात आणि शिड्या जास्त लागतात. 2024 मध्ये वाट उघडायला नेहमीपेक्षा उशीर झाला होता.

शिड्या आणि दोर लावतात ते 'आइसफॉल डॉक्टर', म्हणजे या कामासाठी नेमलेले अनुभवी शेर्पा. सह्याद्रीत कातळात मारलेला बोल्ट वर्षानुवर्षं जागेवर राहतो. इथे ज्यात खिळायचं तेच चालतं. भेग रुंदावली की शिडीचं टोक निसटतं, सरकली की शिडी पिळवटते. दोर बांधायला बर्फात फिरवून बसवलेल्या आइस स्क्रूचा धातू उन्हात तापतो, भोवतालचा बर्फ वितळतो आणि काल पक्का बसलेला स्क्रू आज हाताने हलतो. म्हणून हंगामभर रोज डागडुजी चालते.

शिडीवर एका वेळी एकच माणूस. बाजूच्या दोन्ही दोरांत सेफ्टी (कमरपट्ट्याला बांधलेली सुरक्षा दोरी) अडकवायची, मागच्याने ते दोर ताणून धरायचे. पायरी क्रॅम्पॉनच्या पुढच्या आणि टाचेच्या दात्यांच्या मधोमध येईल असं पाऊल ठेवायचं; पायरी दात्यांवर आली की पाय घसरतो. नजर पायरीवर, खालच्या खोलीवर नाही. दोर जिथे बर्फात पक्का केलेला असतो तो अँकर ओलांडताना सेफ्टीचा एक कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) पुढच्या दोरात घालून मगच मागचा काढायचा. दमलेल्या माणसाच्या हातून चूक होते ती इथे, थंडीने बोटं बधिर झालेली असताना.

आता उरलेलं अर्धं. सेरॅक पडतो तो मुख्यतः हिमनदीच्या हालचालीने: तळ सरकतो, तोल जातो. ते रात्रीही घडतं. 18 एप्रिल 2014 रोजी आइसफॉलच्या वरच्या, एव्हरेस्टच्या पश्चिम खांद्यावरून बर्फाचा मोठा भाग सुटला तेव्हा सकाळचे पावणेसात वाजले होते. 16 नेपाळी कामगार गेले. शिडीपाशी खोळंबून बरेच जण एकाच जागी अडकले होते. पुढच्या वर्षी वाट त्या खांद्यापासून दूर, मध्याकडे घेतली. तिथे भेगा जास्त, चढायला वेळही जास्त, तरी तो निर्णय मला योग्यच वाटतो.

सेरॅकपुढे उपाय एकच: त्याच्या खाली कमीत कमी वेळ आणि कमीत कमी वेळा असणं. विश्रांती, फोटो, कपडे बदलणं हे सगळं उघड्या सपाट जागी. शिडीपाशी रांग दिसली तर लांबच थांबायचं. अनेक संघ आता विरळ हवेची सवय जवळच्या लोबुचे ईस्ट शिखरावर (6,119 मीटर) करून आइसफॉलच्या फेऱ्या वाचवतात. पण ओझी वाहणाऱ्या शेर्पांच्या फेऱ्या त्याने कमी होत नाहीत, आणि सर्वाधिक धोका त्यांच्याच वाट्याला येतो. 2024 मध्ये बेस कॅम्प ते कॅम्प एक ड्रोनने ओझं नेण्याची चाचणी झाली, एका खेपेला सुमारे 15 किलो. ऑक्सिजनचे सिलिंडर वर, कचरा खाली.