पीसीओएस आणि सात अक्षरांची पकड

पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांचं गणित बिघडून पाळी अनियमित करणारा विकार, झालेल्या बाईला हमखास ऐकावं लागतं, "खाण्यावर ताबा ठेवला असतास तर ही वेळ आली नसती." या वाक्याचा मला संताप येतो. सडपातळ स्त्रियांनाही पीसीओएस होतो आणि त्यांच्यातल्या अनेकींच्या पेशीही इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत. का देत नाहीत, याच्या उत्तराचा एक धागा अशा आरएनएपर्यंत जातो, ज्यापासून कुठलंच प्रथिन बनत नाही.

डीएनएवरून आरएनए आणि आरएनएवरून प्रथिन, हे आपण शाळेत शिकलो. पण माणसाच्या डीएनएचा प्रथिनांसाठी वापरला जाणारा भाग जेमतेम दीड-दोन टक्के. उरलेल्याला बराच काळ सरसकट कचरा समजलं गेलं. त्यातूनही आरएनए बनतात. त्यांतले अगदी छोटे, सुमारे 22 अक्षरांचे (ए, यू, जी, सी ही आरएनएची चार अक्षरं, म्हणजे त्याचे रासायनिक घटक), ते मायक्रोआरएनए. पहिला 1993 मध्ये एका सूक्ष्म कृमीत सापडला आणि त्यासाठी व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकन यांना 2024 चं नोबेल मिळालं.

आपल्या कामाचा आहे मायक्रोआरएनए-93. तो एमसीएम7 या जनुकाच्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिन बनण्याआधी छाटून टाकल्या जाणाऱ्या भागात असतो. केंद्रकात ड्रोशा हे विकर त्याला कापून काढतं, बाहेर आल्यावर डायसर आणखी छाटतं, मग आर्गोनॉट नावाचं प्रथिन त्याला धरून ठेवतं. ही जोडी संदेशवाहक आरएनएंवर, म्हणजे ज्यांवरून प्रथिनं बनतात त्या आरएनएंवर, जुळणारी जागा शोधत फिरते. पकड घेतात ती मुख्यतः सातच अक्षरं, दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची: ए-ए-ए-जी-यू-जी-सी. समोर जी-सी-ए-सी-यू-यू-यू सापडलं की त्या संदेशावरून प्रथिन बनणं मंदावतं, संदेशही लवकर नष्ट होतो. सात अक्षरांत एवढी ताकद!

स्नायू आणि मेदपेशींत ग्लूट-4 हे प्रथिन म्हणजे ग्लुकोजचं दार. इन्शुलिनचा इशारा मिळाला की ते पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या मेदऊतीत मायक्रोआरएनए-93 वाढलेला आणि ग्लूट-4 घटलेलं आढळलं. ग्लूट-4 च्या संदेशाच्या शेपटाला तो थेट चिकटतो, हेही त्यात दिसलं. दारंच कमी म्हटल्यावर स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडतं. गोम अशी, की अंडाशय मात्र या वाढीव इन्शुलिनला प्रतिसाद देतच राहतं. तिथल्या थीका नावाच्या पेशी जास्त अँड्रोजेन (पुरुषी संप्रेरकं) बनवतात, पुटिकांची, म्हणजे बीजांड असलेल्या पिशव्यांची, वाढ मध्येच अडते आणि पाळी लांबते.

पीसीओएस नसलेल्या, पण इन्शुलिनला दाद न देणाऱ्या स्त्रियांतही मायक्रोआरएनए-93 वाढलेला दिसला. म्हणजे ही पीसीओएसची खास खूण नव्हे. तेव्हा एका आरएनए चाचणीत निदान करून देतो म्हणणारे आणि 'मुळापासून बरा' करणारे काढे विकणारे, दोघांनाही दूर ठेवा. निदान आजही पाळीतली अनियमितता, वाढलेले अँड्रोजेन आणि सोनोग्राफीत दिसणाऱ्या भरपूर पुटिका, या तिन्हींपैकी दोन गोष्टींवरच होतं. प्रौढ स्त्रियांत सोनोग्राफीऐवजी एएमएच या संप्रेरकाची रक्तचाचणीही चालते.

या एएमएचवरही नॉन-कोडिंग, म्हणजे प्रथिन न बनवणाऱ्या, आरएनएचा हात आहे. एच19 हा लांब आरएनए लेट-7 नावाच्या मायक्रोआरएनएला स्वतःवर अडकवून ठेवतो. लेट-7 मोकळा सुटला की एएमएच घटतं. एच19 नसलेल्या उंदरांत एएमएच कमी भरतं. पीसीओएसमध्ये ते बहुधा जास्त असतं.