गाय एकदा दिसली की दिसतच राहते

काळ्या-पांढऱ्या डागांचं एक चित्र आहे. पाण्याने खराब झालेला जुना फोटो वाटावा असं. पहिल्यांदा पाहताना बहुतेकांना त्यात काहीच ओळखू येत नाही. मग कुणीतरी बोट ठेवून दाखवतं: हे डावीकडे कान, हे डोळे, हे काळं नाकाड. आणि एकदम गाय दिसते, थेट आपल्याकडे बघणारी! कार्ल डॅलनबाख या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे चित्र १९५१ साली प्रसिद्ध केलं.

मला या चित्राचं खरं नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. गाय एकदा दिसली की ती पुन्हा हरवता येत नाही. वर्षभराने चित्र समोर आलं तरी आधी गायच दिसते. कागदावरचा एक ठिपकाही बदललेला नसतो, तरी आपण पूर्वीचं चित्र पुन्हा पाहू शकत नाही.

डोळ्यांकडून मेंदूला मिळतात ते उजेड, अंधार आणि त्यांच्यामधल्या कडा. यातली कुठली कड कुणाची, हे मेंदूला ठरवावं लागतं. नेहमीच्या दृश्यात हे काम थक्क करणाऱ्या वेगाने होतं. फ्रान्समध्ये सिमॉन थॉर्प आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली लोकांना अनोळखी फोटो फक्त २० मिलिसेकंद दाखवले आणि विचारलं, यात प्राणी आहे का? लोकांची उत्तरं बहुतेक वेळा बरोबर आली. फोटो दिसल्यापासून साधारण १५० मिलिसेकंदांत त्यांच्या मेंदूतले विद्युतसंकेतही ‘प्राणी आहे’ आणि ‘प्राणी नाही’ यांत फरक दाखवत होते.

मग गायीसाठी मिनिटं का लागतात? कारण तिथे सावलीची कड आणि अंगाची कड वेगळी ओळखूच येत नाही. डागांवरून गाय जुळवता येत नाही. आधी गायीची कल्पना मनात यावी लागते, मग तिच्या आधाराने डाग जागच्या जागी बसतात.

निसर्गात हीच युक्ती फार जुनी आहे. प्राण्यांच्या रंगांचा अभ्यास करणाऱ्या ह्यू कॉट यांनी १९४० च्या आपल्या ग्रंथात ती सविस्तर मांडली: अंगावरचे ठळक पट्टे-ठिपके शरीराची बाह्यरेषाच तोडून टाकतात. आपल्याकडचा रातवा हा पक्षी बघा. करडा-तपकिरी, पानगळीत बसला तर चार पावलांवरूनही दिसत नाही. तो घरटं बांधत नाही, अंडी उघड्या जमिनीवर असतात. त्यामुळे पिसांवरची ही नक्षी हाच त्याचा आडोसा.

शोधणारेही शिकतात. १९७९ साली पिएट्रेविच आणि कॅमिल या संशोधकांनी ब्लू जे या पक्ष्यांना झाडाच्या सालीवर बसलेल्या पतंगांच्या स्लाइड दाखवल्या. पतंग ओळखून चोच मारली की खाऊ मिळे. एकाच जातीचे पतंग लागोपाठ आले तेव्हा पक्षी ते ओळखण्यात तरबेज होत गेले. दोन जाती मिसळून दाखवल्या तेव्हा तशी सुधारणा झाली नाही. मनात एका वेळी एकाच भक्ष्याचा नमुना धरला की नजर धारदार होते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

म्हणून पुरवणीतल्या चित्रात ‘दहा प्राणी शोधा’ असं असेल तर मी सगळे एकदम शोधत नाही. आधी फक्त ससा. म्हणजे दोन लांब कान, बाकी काही नाही. मग घुबडाचे गोल डोळे. पुष्कळदा कागद उलटा धरते. झाड झाडासारखं दिसेनासं झालं की फांद्यांमधली हरणाची शिंगं मोकळी होतात.

जंगलात मात्र आपल्याला एक मदत मिळते, ती कागदावर नसते: हालचाल. एकत्र हलणारे ठिपके मेंदू ताबडतोब एका वस्तूचे मानतो. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी १९२३ सालीच हा नियम सांगितला होता. रातव्याने मान जरी वळवली तरी पाचोळ्यातून अख्खा पक्षी सुटा होतो. म्हणूनच दिवसभर तो डोळे जवळजवळ मिटून, दगडासारखा बसून राहतो आणि आपला पाय अगदी त्याच्यावर पडायला आला तरच उडतो.